शुक्रवार पेठेतला ऑर्गन : सोलेनॉइड काढून पुन्हा लाकडी यंत्रणा

नोव्हेंबर २०२४ मध्ये कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या घरातून आमच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये एक ऑर्गन आला. टेम्पोतून उतरवताना त्याच्या पोटातून पुराचा वाळलेला गाळ भुरभुरत खाली पडला. पाच सप्तकं, ६१ पट्ट्या, रीडचे (हवेने थरथरून वाजणाऱ्या पितळी जिभांचे) दोन संच म्हणजे १२२ रीड्स, खाली दोन पायांनी मारायचे भाते आणि आवाज मोठा-लहान करायला गुडघ्याने ढकलायच्या दोन फळ्या. संगीत नाटकांच्या कंपन्यांच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव फिरायचे, त्यातला हा एक. घरच्या काकूंचे सासरे एका फिरत्या कंपनीत ऑर्गनला बसायचे. कंपनी मोडली तेव्हा थकलेल्या पगाराच्या बदल्यात त्यांनी तो घरी आणला.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हा ऑर्गन तळमजल्यावर होता. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. घरात शिरलेलं पाणी ऑर्गनच्या भात्यांवरून चढलं आणि रीड्सच्या खणांखाली चार बोटांवर थांबलं. ती चार बोटं मिळाली म्हणून हे प्रकरण लिहिता येतंय. पाणी ओसरल्यावर चौघांनी उचलून तो माडीवर नेऊन ठेवला आणि पुढची पाच वर्षं त्याच्यावर गाद्या रचल्या गेल्या.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उघडलेलं ते नाट्यगृह आगीत गेलं आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्यानंतरचे काही आठवडे कोल्हापुरात जो तो ‘जसं होतं तसं’ उभं करण्याबद्दल बोलत होता. काकू त्या दिवसांतच शेडवर आल्या. म्हणाल्या, “मिस्त्री, नाट्यगृहाचं सरकार बघंल. आमच्या घरातला तेवढा वाजता करून द्या.”

उघडल्यावर

अशा ऑर्गनची मूळ रचना साधी असते. पट्टी दाबली की तिच्याखालची बारीक लाकडी काडी खाली सरकते, मधल्या फळीतल्या भोकातून जाते आणि फळीच्या खालच्या अंगाला स्प्रिंगने चिकटून बसलेली झडप उघडते. भाते इथे हवा बाहेर फेकत नाहीत, आत ओढतात. झडप उघडताच बाहेरची हवा रीडमधून आत शिरते आणि रीड वाजते. ही अमेरिकी पद्धत. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबॅंनी पेटंट घेतलेल्या हार्मोनियममध्ये आणि आपल्या हातपेटीत हवा उलट दिशेने, दाबाने रीडमधून ढकलली जाते. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे कामाला येणार आहे.

मागची फळी काढली तर आत काड्याच नव्हत्या. एकही नाही. प्रत्येक झडपेखाली एक सोलेनॉइड, म्हणजे वीज सोडली की आतली दांडी ओढणारी तांब्याच्या तारेची गुंडाळी, अशी ६१. पट्ट्यांखाली पत्र्याच्या जिभांचे कॉन्टॅक्ट, तळाला ट्रान्सफॉर्मर, भात्यांचे पट्टे सोडवलेले आणि हवा ओढायला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर. काकूंना आठवत होतं: १९८५ च्या आसपास सासऱ्यांचे गुडघे गेले, पाय चालेनात, तेव्हा मोटर रिवायंडिंग करणाऱ्या त्यांच्या एका स्नेह्यांनी महिनाभर रात्री बसून हे करून दिलं. काम बघून मी बराच वेळ गप्प होतो. प्रत्येक वायरला मेणदोऱ्याची गाठ आणि कागदावर शाईने लिहिलेला क्रमांक होता. एका म्हाताऱ्या वादकाला त्या माणसाने आणखी काही वर्षं वाजवतं ठेवलं होतं, आणि ही गोष्ट मी पुढच्या सगळ्या कामात विसरलो नाही.

पुराने मात्र त्यातलं फारसं काही ठेवलं नाही. गुंडाळ्यांवर हिरवट पूड, कॉन्टॅक्ट गंजलेले, ट्रान्सफॉर्मरमध्ये गाळ. भात्यांच्या फळ्या सरसाने जोडलेल्या होत्या. सरस पाण्यात सुटतो, त्यामुळे फळ्या पत्त्यांसारख्या उलगडल्या होत्या. हे खरं तर सोपं काम. सरसाने सुटलेलं सरसानेच जोडता येतं, लाकूड मोडत नाही. अलीकडचा एखादा पक्का गोंद लावलेला असता तर सांध्याबरोबर फळीही फाटली असती.

तीन रस्ते

माझा भाचा पॉलिटेक्निकला शिकलेला. त्याचं म्हणणं, नवीन सोलेनॉइड बसवू, कॉन्टॅक्टच्या जागी सेन्सर लावू, आठवड्यात होईल. दुसरा एक सल्ला असा आला की सोलेनॉइडसुद्धा आता चाळीस वर्षांची झाली, तीही या वाद्याच्या इतिहासाचा भाग आहेत, तीच दुरुस्त करून ठेवावीत. हा सल्ला मी हलक्यात घेतला नाही. तिसरा रस्ता लाकडी यंत्रणा नव्याने करण्याचा, तोही मूळचा एकही भाग हातात नसताना.

युरोपातल्या चर्चमधल्या पाइप ऑर्गनवाल्यांनी हाच वाद शंभर वर्षं घातला आहे. तिथेही शेकडो वर्षं पट्टीपासून झडपेपर्यंत लाकडी दांड्या, तारा आणि तरफा असायच्या. वाद्यं मोठी झाली तशा पट्ट्या जड झाल्या. १८४१ साली ऑर्गन बांधणाऱ्या कावाये-कोल यांनी पॅरिसजवळच्या सँ-देनीच्या ऑर्गनमध्ये हवेच्या दाबावर चालणारी बार्कर तरफ वापरून बोटाचा भार हलका केला. पुढे नळ्यांतली हवा आली, मग वीज आली. विजेमुळे वादक ऑर्गनपासून लांब बसू शकला, पण बोट आणि झडप यांच्यातला धागा तुटला. १९०६ साली ऑर्गनवादक अल्बर्ट श्वाइट्झर यांनी एका पुस्तिकेतून या नव्या ऑर्गनांवर सडकून टीका केली. विसाव्या शतकात हळूहळू वारं फिरलं आणि विजेची यंत्रणा काढून तिथे नवी लाकडी यंत्रणा बसवलेले जुने ऑर्गन आज अनेक ठिकाणी वाजतात.

आमचा निर्णय मात्र श्वाइट्झरनी केला नाही, मंगळवार पेठेतल्या एका पेटीच्या मास्तरांनी केला. वय ऐंशीच्या पुढे, तरुणपणी नाटकांना साथ केलेली. त्यांना शेडवर बोलावलं, बॅटरी जोडून चालू असलेली चार-पाच सोलेनॉइड दाखवली. त्यांनी एक पट्टी दोनदा दाबली, एकदा हळू, एकदा झटक्यात. दोन्ही वेळा आतून सारखाच ‘टक्’ आला आणि सूर सारखाच उमटला. “बोट हिथं कायबी बोलंना,” ते म्हणाले. “गाणारा समेवर यायच्या आधी आपण सूर नुसता उघडून ठेवायचा असतोय. अर्धा. ह्यात अर्धा न्हाईच.”

नाट्यगीताची साथ ज्याने केली आहे त्याला हे लगेच कळेल. ऑर्गनवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, येत नाही. वादकाकडे दोनच गोष्टी उरतात: पायाने हवा किती ओढायची आणि बोटाने झडप किती, किती वेगाने उघडायची. गंधर्व नाटक मंडळीत सारंगी होती, अहमदजान थिरकवाँ यांचा तबला होता, त्या मेळात ऑर्गनचं काम गायकाच्या आवाजाखाली जमीन धरायचं. ती जमीन खटका बसून सुरू होऊन चालत नाही. १९८५ च्या बदलाने पाय आणि बोट ही दोन्ही साधनं काढून घेतली होती. ज्या गावात गोविंदराव टेंबे यांच्यासारखा पेटीवाला वाढला, तिथे अशी साथ परत ऐकू येणार नसेल तर दुरुस्तीचा खटाटोप करायचाच कशाला?

दुसरं कारण धंद्याचं. लाकडी यंत्रणा बिघडली तर पुढे कुठल्याही गावातला जाणता सुतार ती उघडून समजून घेईल. सेन्सरची पट्टी वीस वर्षांनी बाजारात मिळेल, असं मी काकूंना कुठल्या तोंडाने सांगणार?

तेव्हा ठरलं. सोलेनॉइडचा पूर्ण संच वायरींसकट काढून, क्रमांक तसेच ठेवून, एका पेटीत घालून काकूंकडे दिला. जुन्या लाकडाला नवं भोक पाडायचं नाही, असा नियम भिंतीवर खडूने लिहिला.

फळीने सांगितलेलं

मधली फळी केरोसिनच्या बोळ्याने पुसली आणि मूळ यंत्रणा जवळजवळ पूर्ण दिसली. काड्यांच्या ६१ भोकांत लाकडी बुचं मारली होती; बुचं वेगळ्या लाकडाची असल्यामुळे रंगाने ओळखू येत. एक बुच गरम पाण्याने ओलवून काढलं, आत भोकाच्या कडा घासून चकचकीत झालेल्या, म्हणजे काडीची जाडी मिळाली: सहा मिलिमीटरला जरा कमी. प्रत्येक भोकाशेजारी पेन्सिलीने १ ते ६१ आकडे, परदेशी वळणाचे. झडपांवर काडी टेकायची त्या जागी एकेक गोल खळी पडली होती. मधल्या सप्तकांतल्या खळ्या खोल, टोकाच्या उथळ. कुठल्या पट्टीत किती गायलं गेलं, तेही त्या खळ्यांवरून सांगता आलं असतं.

अडचण निघाली कीबोर्डात. मूळ कीबोर्ड गेला होता आणि १९८५ ला बसवलेला दुसऱ्याच कुठल्या वाद्याचा होता. त्याचं सप्तक १६० मिलिमीटरचं, आणि फळीतली भोकं १६४ च्या हिशेबाची. एका सप्तकात चार मिलिमीटर म्हणजे काही वाटत नाही, पण पाच सप्तकांत वीस होतात. मध्य जुळवला तर दोन्ही टोकांना काडी दहा मिलिमीटर बाजूला पडते. तारांनी चालणाऱ्या यंत्रणेला याने अडत नव्हतं. काडीला अडतं, कारण काडी सरळच चालते. पाइप ऑर्गनमध्ये अशा वेळी फिरत्या दांड्यांची एक फळी मध्ये घालून हालचाल बाजूला नेतात. आमच्याकडे त्याला जागा नव्हती. नवा कीबोर्ड करणं भाग पडलं.

तो कसा केला ते थोडक्यात सांगतो. जुन्या दाराच्या वाळलेल्या देवदाराची एक रुंद फळी जोडून घेतली, तिच्यावर सगळ्या ६१ पट्ट्या आखल्या, खिळ्यांची भोकं अख्ख्या फळीतच पाडली आणि मग करवतीने पट्ट्या सुट्या केल्या. सुट्या पट्ट्या आधी कापून मग भोकं पाडली तर एकही दुसरीला समांतर बसत नाही. वरून पांढरं ॲक्रिलिक, काळ्या पट्ट्या शिसवाच्या.

पितळेच्या काड्या

इथे माझी चूक झाली आणि ती लिहायलाच हवी, कारण उद्यमनगरातला कुठलाही माणूस ती करेल. आमच्या गल्लीत दर चार दारांनंतर लेथ आहे. सहा मिलिमीटरच्या ६१ काड्या पितळेत काढणं म्हणजे एका दुपारचं काम. माप शंभराव्या भागापर्यंत अचूक, पावसात फुगायची भीती नाही. काढल्या, बसवल्या, दिसायला देखण्या होत्या.

मास्तरांनी वाजवून बघितलं आणि हात मागे घेतला. पट्टी सोडली की ती रेंगाळत वर येत होती, आणि प्रत्येक काडी झडपेवर परत टेकताना बारीक किणकिण होत होती. पितळ लाकडाच्या जवळपास दहापट जड. त्या वजनाला उचलायचं तर स्प्रिंग कडक करावी लागते, स्प्रिंग कडक केली की बोट दमतं. दोन आठवडे मी नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) लावून, टोकं पोकळ करून बघितलं. शेवटी काड्या काढून डब्यात भरल्या. सागाच्या, सरळ रेषेच्या चिपा फोडून, रंधून, पत्र्यातल्या भोकातून ठोकून गोल केलेल्या काड्या सुतारमामांनी चार दिवसांत दिल्या. करवतीने कापलेली काडी रेषा सोडते आणि वाकते, फोडलेली सरळ राहते. मामांनी मला हे समजावलं नाही, नुसती एक काडी फोडून दाखवली.

पितळ अगदीच वाया गेलं नाही. प्रत्येक पट्टीच्या पोटाला, जिथे काडी टेकते तिथे, पितळेचा एक लहान गोल डोक्याचा स्क्रू बसवला. तो फिरवला की काडी आणि पट्टीमधलं अंतर कमी-जास्त होतं. मूळ ऑर्गनमध्ये हे असल्याची एकही खूण नाही. नवा कीबोर्ड आमचाच असल्यामुळे नियम मोडला नाही, पण ही भर आमची आहे हे आतल्या फळीवर लिहून ठेवलं. या स्क्रूनेच पुढे वाचवलं.

कातडं, स्प्रिंग आणि दहाची नाणी

झडपेच्या तोंडाला नमदा आणि त्यावर मऊ कातडं लागतं. कोल्हापुरात कातड्याला काय तोटा, असं वाटून मी थेट चपला करणाऱ्या एका ओळखीच्या घरी गेलो. त्यांनी हातात घेतलेला तुकडा परत खाली ठेवला आणि म्हणाले, हे तुमच्या कामाचं नाही. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात, वरून तेल पाजतात. पायाखाली ते वर्षानुवर्षं टिकतं, पण तेलकट कातडं बंद झडपेवर पडून राहिलं की फळीला चिकटतं. त्यांनीच मला अस्तराची कोरडी, पातळ मेंढीची कातडी कुठे मिळेल ते सांगितलं. झडप नीट बसते का हे पतंगाच्या कागदाने तपासलं: कागदाची पट्टी झडपेखाली धरायची, चारी बाजूंनी ओढून बघायची, जिथे सहज सुटेल तिथे गळती.

आता तो हवेच्या दिशेचा मुद्दा. पाइप ऑर्गनमध्ये दाबाची हवा झडप बंद धरते, त्यामुळे बोटाला सुरुवातीला एक बारीक अडसर लागतो आणि तो फुटला की झडप सुटते. आमच्या ऑर्गनमध्ये हवा आत ओढली जाते, म्हणजे बाहेरची हवा झडपेला उघडायला बघते आणि एकटी स्प्रिंग तिला धरून ठेवते. स्प्रिंग मऊ ठेवली तर पाय जोरात पडताच न दाबलेले सूर आपोआप गुणगुणू लागतात. कडक ठेवली तर पट्टी दगड होते. भाते जोडून, काचेच्या वाकड्या नळीत पाणी भरून मोजलं, साध्या चालीत ओढ साडेतीन इंच पाण्याइतकी येत होती.

पट्टीचं वजन मोजायला दहा रुपयांची नाणी वापरली. दोन धातूंचं दहाचं नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं, चहाच्या टपरीवर गोळा होतं आणि पट्टीच्या टोकावर नीट रचता येतं. भाता रिकामा असताना मधल्या सप्तकात पट्टी ११ नाण्यांना खाली जावी आणि भाता चालू असताना ८ ला, असं मास्तरांच्या बोटावरून ठरलं. पट्टी नऊ मिलिमीटर खाली जाते, झडप साडेचार उघडते. खर्जाच्या झडपा लांब, तिथे १३ नाणी लागली आणि ती आम्ही तशीच राहू दिली. ६१ स्प्रिंगा एकेक वाकवून या मापात आणायला मला आणि भाच्याला अकरा रात्री लागल्या. सेन्सरची गोष्ट त्याने नंतर काढली नाही; त्याला नाण्यांच्या चळतीवरून नुसत्या नजरेने वजन सांगता येऊ लागलं होतं.

रीड्सना शक्यतो हात लावला नाही. हुकाने एकेक उपसून, मऊ ब्रशने साफ करून त्याच खणात परत. चार तुटलेल्या होत्या, त्यांच्या जागी गुजरातेतल्या पालिताण्याच्या पितळी रीड्स घासून बसवल्या. उतरलेला सूर चढवायला जिभेच्या टोकाला घासायचं, उतरवायला मुळाशी. प्रत्येक घासणीत जुनी धातू कायमची जाते, म्हणून ज्या रीड्स केसभर बेसूर होत्या त्या तशाच सोडल्या. या निर्णयाबद्दल मास्तरांचं आणि माझं आजही पटत नाही.

जून २०२५

मे महिन्यात ऑर्गन छान वाजला. काकूंना बोलावलं, पेढे आले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि चार दिवसांत नऊ पट्ट्या अडकल्या. तीन सूर तर कुणी न दाबताही रडत होते.

कारण दोन होती आणि ती एकमेकांत मिसळली होती. लाकूड दमट हवेत लांबीत जवळपास वाढत नाही, आडवं फुगतं. काडीची लांबी तीच राहिली, पण काडी जाड झाली आणि भोक आवळलं. ती माझी घाई, एप्रिलच्या कोरड्या हवेत मी भोकं आणि काड्या फार घट्ट जुळवल्या होत्या. दुसरं, पट्ट्यांची चौकट आणि मधली फळी फुगून त्यांच्यातलं अंतर बदललं, काडी पट्टी आणि झडप यांच्यात दाबली गेली आणि झडप केसभर उघडी राहिली. पितळेचे स्क्रू पाव-अर्धा वेढा सैल केले, रडणारे सूर लगेच थांबले. काड्या मात्र सगळ्या काढाव्या लागल्या. भोकं जुनी, त्यांना हात लावायचा नाही. म्हणून काड्याच पॉलिश पेपरने उतरवल्या आणि शिसपेन्सिलीचं शिसं घासून चोळल्या. तेल किंवा मेण लावलं असतं तर धूळ धरून दोन वर्षांत पुन्हा अडकल्या असत्या.

मुद्दाम पूर्ण पावसाळा ऑर्गन शेडमध्येच ठेवला. दर पंधरा दिवसांनी ६१ पट्ट्या दाबून वहीत नोंद केली. ऑगस्टमध्ये दोन अडकल्या, सप्टेंबरमध्ये एकही नाही. दसऱ्यानंतर तो शुक्रवार पेठेत गेला, या वेळी थेट माडीवर. साहित्याचा खर्च ४८ हजारांच्या आसपास आला, त्यातला मोठा भाग भात्याच्या रबरी कापडाचा आणि कातड्याचा. मजुरीचा हिशेब अकरा महिन्यांच्या कामाला धरून नाही, तो काकूंच्या आणि माझ्या समजुतीने झाला.

मास्तर तिथे पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांनी काही गत वगैरे वाजवली नाही. पाय हळू चालवत त्यांनी एकच षड्ज इतका सावकाश उघडला की तो नेमका कधी सुरू झाला ते खोलीतल्या कुणाला सांगता आलं नसतं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “मोटर कुठं बसवलीय ह्या वेळी?” मास्तरांनी बोट पायांकडे दाखवलं.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. खर्जातले शेवटचे दोन सूर उशिरा बोलतात. झडप पूर्ण उघडते, हवा पुरते, तरी रीड उठायला वेळ घेते. आणि एक पट्टी दाबली की वरच्या सप्तकातलीही आपोआप दाबली जावी, अशी जोड मूळ वाद्यात होती. तिच्या तिरप्या तरफांच्या खाचा कडेच्या फळीवर बुजवलेल्या दिसतात, पण तरफांची लांबी सांगेल अशी एकही खूण सापडलेली नाही. त्या खाचा तशाच ठेवल्या आहेत. त्याच बांधणीचा दुसरा ऑर्गन कुणाच्या घरी गाद्यांखाली असेल तर मला तो फक्त मागून उघडून अर्धा तास बघायचा आहे. तरफांसाठी शिसवाच्या पट्ट्या कापून शेडच्या माळ्यावर वाळत घातल्या आहेत.